नाकापासून किती हात?

छोटे,

काल रात्री फोन ठेवला खरा, पण डोळ्याला डोळा लागला नाही. तू हवा शुद्ध करणाऱ्या तीन यंत्रांचे फोटो पाठवलेस आणि खाली एकच ओळ, "ताई, यातलं कोणतं घेऊ?" पाच महिन्यांचं बाळ, त्याची रात्रीची घरघरणारी छाती, घरामागे राइस मिल, दोरीवरच्या दुपट्यांवर काळी राख. त्यात कार्तिक लागलाय. बांध्यांमधलं धान कापून झालंय, पुंजणे रचले गेलेत, मळणीची धूळ गावभर उडतेय. आमगावातली तुझी घालमेल मला इथं गोंदियात ऐकू येते गं.

फोनवर मी मोकळेपणानं बोलले नाही, कारण तू स्पीकर सुरू ठेवला होतास आणि सासूबाई शेजारी बसल्या होत्या. म्हणून आता निवांत सांगते. बाळ झोपलं की वाच, आणि जमलं तर एकटी असताना वाच.

आधी माझीच फजिती ऐक. तुझा भाचा वर्षाचा असताना आम्हीही असंच एक यंत्र घेतलं होतं. त्यालाही थंडीत धाप लागायची. यंत्र आलं, कोपऱ्यात बसलं, त्याचा हिरवा दिवा लागला, आणि मला वाटलं, सुटलो बाप्पा! दीड महिना मी रोज रात्री तो दिवा बघून शांत झोपले. मग एक दिवस तुझ्या भाऊजींनी धूळ पुसायला म्हणून मागचं झाकण काढलं, तर आतला फिल्टर कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जसाच्या तसा! पिशवी काढून फिल्टर बसवायचा, असं कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद मी खोक्यासकट माळ्यावर टाकला होता. दीड महिना आमच्या घरात एक महागडा टेबलफॅन फिरत होता, दुसरं काही नाही. चूक माझीच. पण त्या दिवशी कळलं, तो हिरवा दिवा माझ्या समाधानासाठी होता, पोराच्या छातीसाठी नव्हता.

तर 'हे घे' म्हणण्याआधी तुला एक प्रश्न विचारते. धूर बाळाच्या नाकापासून किती हातांवर निघतोय?

प्रश्न माझा, पण त्यामागचा विचार मोठ्या माणसाचा आहे. कर्क स्मिथ नावाचे प्राध्यापक होते, अमेरिकेत बर्कलीला शिकवायचे, २०२० साली वारले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते गुजरातमधल्या खेड्यांत गेले आणि चुलीपुढे बसणाऱ्या बायांच्या श्वासात किती धूर जातो ते त्यांनी मोजलं. तोवर प्रदूषण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कारखान्याचं धुराडंच यायचं. स्मिथ यांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली. विष किती आहे एवढ्यावर भागत नाही, ते कुठे सुटतं हे बघा. उंच धुराड्यातला धूर आभाळात पांगतो, त्यातला अगदी थोडा कुणाच्या नाकात शिरतो. तेवढाच धूर घरात सुटला, तर तो माणसाच्या छातीत जाण्याची शक्यता ढोबळमानानं हजारपट.

आता बाळाच्या उशीपासून हात मोजायला लाग.

पहिल्याच हातावर धुरी. न्हाऊन झालं की निखाऱ्यावर ओवा, धूप टाकून बाळाला वरून फिरवतात, हो ना? आपल्या आईनंही मला हेच करायला लावलं होतं. त्या धुराचा वास मलाही माहेरासारखा वाटतो, खोटं कशाला सांगू. पण छोटे, यापेक्षा जवळ धूर नेणं शक्यच नाही. तान्ह्या जिवाच्या श्वासनळ्या आधीच बारीक, आणि आपण निखारा त्यांच्या खालीच धरतो.

दुसऱ्या हातावर पलंगाखालची मच्छर कॉइल. २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी बाजारातल्या कॉइली जाळून मोजल्या, तर एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले. तू घरात कुणाला सिगारेट पेटवू देशील? जावईबापूंनी बिडी ओढली तर त्यांना अंगणात हाकलशील. आणि ही कॉइल मात्र रात्रभर बाळाच्या उशाशी. पण डास चावू देत, असंही मी म्हणणार नाही. आपला जिल्हा धानाचा, तलावांचा. सालेकसा-देवरीकडे मलेरिया काय करतो हे आपण पाहिलंय. उपाय जुनाच आहे, मच्छरदाणी. बाळाला आणि तुम्हा दोघांनाही. वर खिडक्यांना जाळी. दोन्हींचा खर्च मिळून त्या यंत्राच्या पाव किमतीतही होईल.

चार-पाच हातांवर देवघर, तेही त्याच खोलीत. उदबत्ती आणि कापूर दोन्ही जळतात, म्हणजे दोन्हींचा धूर होतो. 'आयुर्वेदिक' लिहिलं म्हणून उदबत्तीचा धूर निराळा होत नाही. बाळ मोठं होईतो देवघर बैठकीत हलव, नाहीतर नुसतं निरांजन लाव आणि खिडकी उघडी ठेव.

दहा-बारा हातांवर मागच्या अंगणातली आंघोळीच्या पाण्याची चूल. स्वयंपाकाला गॅस आलाय, मान्य. पण पहाटे पाच वाजता त्या चुलीत काड्या, तुऱ्हाट्या, कधी प्लास्टिकची पिशवीही पेटते, आणि धूर सरळ बाळाच्या खिडकीत. मी दिवाळीला आले होते तेव्हा माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. चूल अंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्या. पैसे खर्च करायचेच असतील तर यंत्राआधी पाण्याचा गिझर घ्या, आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवा. मिरचीची फोडणी दिली की सगळं घर शिंकतं, ते काही मिलवाल्यामुळे नव्हे.

मग कुठे तुझी राइस मिल, दोनशे-तीनशे हातांवर. आणि त्याच्याही पलीकडे, कोसभर नव्हे तर कितीतरी कोसांवर, तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅटच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या, ज्यांच्याबद्दल चौकाचौकात बोललं जातं. त्यांचा धूर आपला प्रश्न नाही, असं मी म्हणत नाही. पण त्याचा जाब विचारायचा तो ग्रामसभेत, नगरपंचायतीत, प्रदूषण मंडळाकडे. तो प्रश्न दहा हजारांचं खोकं आणून सुटणारा नव्हे. आणि लांबची चिमणी दिसते म्हणून उशाशी पेटलेली कॉइल विसरायची, हे तर अगदीच उलटं.

मिलच्या राखेचंही सांगून टाकते, कारण तू त्याच राखेला घाबरून यंत्र घ्यायला निघालीस. धानाच्या वजनात पाचवा हिस्सा तूस असतं. उष्णा तांदूळ करायला धान वाफवावं लागतं, आणि त्या वाफेसाठी बॉयलरमध्ये हेच तूस जाळतात. जळून त्याची पुन्हा पाचव्या हिश्श्याएवढी राख उरते, आणि ती जवळजवळ सगळी सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीची. दुपट्यावर बसणारे काळे कण त्यातलेच. पण ते डोळ्यांना दिसतात, म्हणजेच मोठे असतात. मोठे कण लवकर खाली बसतात, नाकात गेले तरी बरेचसे शेंबडात अडकतात. घात करतात ते न दिसणारे. पेपरात 'पीएम २.५' छापून येतं ना, ते हेच. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक. आपला केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज कर. हे कण खाली बसत नाहीत, तासन् तास तरंगतात आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

म्हणून काम वाटून दे. जे खाली बसतं ते ओल्या फडक्याचं काम. कोरड्या झाडूनं बाळाच्या खोलीत झाडलंस, तर बसलेली राख पुन्हा उठून तरंगायला लागते. आधी पुसायचं, झाडायचं ते बाळ दुसऱ्या खोलीत असताना. दुपटी मिलच्या उलट बाजूला वाळत घाल, किंवा दुपारी घालून दुपारीच काढ. जे तरंगतं तेवढंच यंत्राचं काम.

दुपारच म्हणतेय, त्याला कारण आहे. हिवाळ्यात विदर्भातलं सर्वांत थंड ठिकाण म्हणून आपल्या गोंदियाचं नाव पेपरात कितीदा येतं. अशा थंड रात्री जमिनीलगतची हवा गार, जड होऊन खालीच बसते, आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. गावातल्या शेकोट्या, चुली, बांध्यांतली जळती तणस, गाड्यांचा धूर, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. पहाटे शेतांवर निळसर पट्टा तरंगताना दिसतो तो हाच. लोक म्हणतात 'धुकं पडलं'. त्यातलं धुकं किती आणि धूर किती, ते नाकाला विचार. ऊन तापलं की झाकण उचललं जातं. तेव्हा हिवाळ्यात संध्याकाळपासून सकाळी नऊ-दहापर्यंत खिडक्या बंद, आणि बारा ते चार सताड उघड्या. 'पहाटेची ताजी हवा' म्हणून बाळाला बाहेर नेऊ नको. कोवळं ऊन दहा वाजताही मिळतं. पुढे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, जंगलाला वणवे लागतात, तेव्हा धूर दिसेल त्या दिवशी पुन्हा हाच नेम.

हे सगळं झालं, तरी यंत्र घ्यायचं का? घे. मिल शेजारी आहे, बाळाची छाती नाजूक आहे, हिवाळ्याच्या रात्री खिडक्या बंद करूनही बारीक कण फटीतून येतातच. तिथे यंत्र कामाचं आहे. फक्त ते नावावर, रंगावर घेऊ नको. आकड्यावर घे.

यंत्र म्हणजे काय, तर पंखा आणि गाळणी. बाकी सगळा साज. २०२० साली, कोरोनाच्या दिवसांत, अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेनथाल यांनी चौकोनी खोक्यासारखे चार फिल्टर चिकटपट्टीनं जोडले, वर साधा पंखा ठेवला, आणि ते चक्क काम करू लागलं. शाळांनी वर्गावर्गात तसले खोके ठेवले. म्हणून विकणारा वाय-फाय, अ‍ॅप, रंगीत पडदा सांगायला लागला की तू दोनच गोष्टी विचार. गाळणी कोणती? आणि तासाला किती हवा गाळते?

गाळणी 'हेपा' हवी. वर 'एच १३' लिहिलेलं असलं तर उत्तम. 'हेपासारखी', 'हेपा प्रकारची' असं लिहिलं असेल तर ठेव खाली. तुला वाटत असेल, ही पीठ चाळायच्या चाळणीसारखी, बारीक भोकांची. तशी नाही. बांबूचं दाट बेट डोळ्यांपुढे आण आणि त्यातून पोरं पळतायत असं समज. जाडजूड पोरगं वळू शकत नाही, सरळ जाऊन बांबूवर आदळतं. अगदी चिल्लीपिल्ली सरळ चालतच नाहीत, इकडेतिकडे भरकटत कुठल्या तरी बांबूला चिकटतातच. मधल्या वयाचं चपळ पोरगं तेवढं वाट काढून निसटू बघतं. हेपामध्ये तो मधला आकार ०.३ मायक्रॉनच्या आसपास, आणि परीक्षा त्याच सर्वांत अवघड आकारावर घेतात. अमेरिकेच्या मानकात तिथे ९९.९७ टक्के कण अडकावे लागतात. म्हणून 'त्याहून बारीक कण तर निघूनच जात असतील' ही शंका काढू नको. ते आणखी सहज अडकतात.

दुसरा आकडा 'सीएडीआर'. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, ते. खोक्यावर असतो, नाहीतर माहितीपत्रकात. सापडला नाही तर यंत्र घेऊच नको. आता हिशेब कर, आठवीतला आहे. तुझी खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. म्हणजे १,२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. खोलीतली हवा तासात पाचदा गाळली जावी, म्हणजे ३४ गुणिले ५, १७० घनमीटर. पण खोक्यावरचा आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो. पूर्ण वेगात ते मळणीयंत्रासारखं गरजतं, बाळ झोपायचं नाही आणि तू रात्री बटण खाली आणशीलच. म्हणून अडीचशे ते तीनशेच्या घरातलं घे आणि मधल्या वेगावर चालव. '५०० चौरस फुटांसाठी' असल्या मोठ्या अक्षरांकडे बघू नको. हवा तासातून एक-दोनदाच गाळायची ठरवली तर कुठलंही यंत्र मोठी खोली साफ करतं, कागदावर.

आणि यंत्र खोलीचं असतं, घराचं नसतं. हा धडा मला हॉलमध्ये यंत्र ठेवून मिळाला. पाहुणे 'वा' म्हणायचे, पोरगं आतल्या खोलीत खोकायचं. पुन्हा हातच मोज. बाळाच्या झोपण्याच्या जागेपासून तीन-चार हातांवर, भिंतीपासून वीतभर सुटं, पडद्यामागे नको, झोत बाळाच्या अंगावर नको. झोपायच्या तासभर आधी सुरू कर, दार लोटून घे. दाराखालची फट राहू दे, तुम्हालाही श्वास घ्यायचाय.

खोली निवडताना वर बघ. तुझी ती जुनी कवेलूची खोली उन्हाळ्यात गार असते, पण कवेलूंच्या फटींतून हवा मोकळी खेळते. तिथे यंत्र लावणं म्हणजे फुटक्या बांधीत पाणी साठवणं. स्लॅबची खोली घे, आणि खिडकीच्या चौकटीला दहा-वीस रुपयांची रबरी पट्टी लाव.

उन्हाळ्यातलंही आत्ताच सांगते. कूलर लावला की हे यंत्र बंद. कूलर बाहेरची हवा तासाला हजारो घनमीटर आत ढकलतो, त्यापुढे याचे अडीचशे म्हणजे समुद्रात खडा. मे महिन्यात आपल्याकडे कूलरशिवाय जगता येत नाही, तेव्हा उगीच जीव जाळू नको. फिल्टर काढ, कोरड्या पिशवीत घट्ट बांध, दिवाळीला परत काढ. चार-पाच महिनेच चालल्यानं फिल्टर टिकतोही जास्त. फक्त परत लावताना पिशवी काढायची, बरं का! नाहीतर आपण दोघी बहिणी शोभू.

फिल्टरवरून आठवलं, यंत्राच्या किमतीआधी फिल्टरची किंमत विचार. हे म्हशीसारखं आहे, विकत घेताना नाही, चारा घालताना कळतं. नवा फिल्टर कितीला, आणि दोन वर्षांनी गोंदियात किंवा नागपुरात मिळेल का? बाहेरची जाळी आठवड्याला झटकून धू. आतला हेपा कधी धुवायचा नाही. तो काळपटला म्हणून घाबरू नको, ती राख तुझ्या बाळाच्या छातीत गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. वीज फार खात नाही. ५० वॅटचं यंत्र रात्री दहा तास चाललं तर अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. पण आपल्याकडे लाइन जाते-येते. काही यंत्रं लाइन परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, आणि पहाटे तीनला कोण उठून बघतं? यंत्र आल्या आल्या प्लग काढून परत लावून बघ.

आता तुझे तीन फोटो.

पहिलं, ते गोल, पांढरं, मोत्यासारखं. दिसतं छान. पण मी शोधलं, त्याचा आकडा १०० च्याही खाली. ते तुझ्या खोलीला नाही, टेबलाला पुरेल.

दुसरं, 'फिल्टरचा खर्चच नाही' म्हणणारं, आयन सोडणारं. त्याला तर हातच लावू नको. आयन सोडले की कण भिंतीवर, चादरीवर, बाळाच्या गालावर चिकटतात, नाहीसे होत नाहीत. वर असली काही यंत्रं ओझोन सोडतात. पावसाआधी वीज चमकल्यावर जो तिखटसा वास येतो ना, तो. लोकांना तो 'ताजा' वाटतो, पण दम्याच्या छातीला तो टोचतो. कॅलिफोर्नियानं तर घरातल्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या ओझोनवर कायद्यानं मर्यादा घातलीय.

तिसरं, ठोकळ्यासारखं, माठाच्या स्टूलवर ठेवावं तसं. आकडा २८०, हेपा एच १३, फिल्टर वेगळा मिळतो. रूप नाही, पण संसाराला तेच बरं. काळ्या कोळशाची पट्टी आहे म्हणून चार पैसे जास्त मागत असतील तर मात्र देऊ नको. वास आणि वायू धरायला कोळसा भरपूर लागतो, कापडावर शिंपडलेला पुरत नाही.

आणि नणंदबाईंनी दिलेली ती चार रोपं? राहू दे, डोळ्यांना बरी वाटतात. 'झाडं हवा शुद्ध करतात' हे १९८९ सालच्या नासाच्या एका प्रयोगातून पसरलं, पण तो प्रयोग हवाबंद पेटीत केला होता. २०१९ मध्ये संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा हिशेब निघाला, घरात खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या हवेइतकं काम करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. तेवढी झाडं लावायची तर नागझिऱ्याच्या जंगलातच राहायला जावं लागेल.

एक गोष्ट मात्र कधीही, कुठल्याही यंत्राच्या भरवशावर करू नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी. बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणून आपल्याकडे अजून पेटवतात. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि हेपा त्याला अडवत नाही. झोपेतच माणूस जातो. शेक द्यायचा तर रबरी पिशवीनं द्या.

आता अवघड भाग, सासूबाई. मला माहीत आहे, हे वाचून तू उद्या सकाळी निखाऱ्यांचं भांडं उचलून बाहेर ठेवशील आणि घरात महाभारत होईल. तसं करू नको. त्यांनी चार लेकरं त्याच धुरीवर वाढवली आहेत. धुरी वाईट म्हटलंस, की त्यांना ऐकू येतं, 'तुम्ही आई म्हणून चुकलात.' कोण ऐकून घेईल? माझ्यापुढे आपली आईच होती, तरी मी दोन महिने भांडले आणि हरले. मग डॉक्टरांनी आईलाच समोर बसवून सांगितलं, 'आजी, याच्या छातीवर तुम्हीच लक्ष ठेवायचं, धूर दिसला की आम्हाला नाही, तुम्हाला ओरडायचंय.' त्या दिवसापासून घरात उदबत्ती लावायचीही कुणाची हिंमत झाली नाही. पुढच्या वेळी बाळाला दाखवायला नेशील तेव्हा सासूबाईंना सोबत ने आणि डॉक्टरांना त्यांच्याशीच बोलू दे. बाळाचं डोकं कोरडं करायला मऊ पंचा आणि दहाचं ऊन त्यांच्या ताब्यात दे. हातातलं काम काढून घेतलंस तर राग येईल, बदलून दिलंस तर नाही येणार.

आणि डॉक्टरांचं निघालंच म्हणून, यंत्र म्हणजे औषध नव्हे. दिलेला पंप, दिलेली औषधं यंत्र आलं म्हणून बंद करायची नाहीत. बाळ भराभर श्वास घ्यायला लागलं, श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडला, दूध ओढेना, ओठ निळसर दिसले, तर रात्र असो, मंडईच्या जत्रेतलं नाटक असो, गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा. मला फोन वाटेत केलास तरी चालेल.

पैसे आजच भरू नको. ऑनलाइनची सूट उद्याही असते. आज रात्री बाळ झोपलं की त्याच्या उशीपाशी बस, हात पसर, आणि मोज. कुठे काय जळतं, ते एका कागदावर लिही. पलंगाखाली, खिडकीबाहेर, देवापुढे. मग त्यातलं हाताच्या अंतरावरचं आठ दिवसांत एकेक करून लांब सार. आठ दिवसांनी बाळ रात्री कितीदा खोकतं ते बघ, आणि मग ठोकळा मागव.

यंत्र आलं की फिल्टर बसवताना मला व्हिडिओ कॉल कर. पिशवी काढलेली मला डोळ्यांनी बघायचीय.

तुझी,
ताई